हार नसलेला फोटो

दुकानदारानं वर्तमानपत्राचा कागद सोडवला आणि फोटो काउंटरवर माझ्यासमोर उभा केला. काळी चौकट, स्वच्छ पुसलेली काच, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून नीट खाली सोडलेला चंदनी हार. काचेवर, बाईच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचं एक बोट.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"हार बसवलाय मॅडम. असल्या फोटूला आमी बसवूनच देतो."

"असल्या म्हणजे कसल्या?"

तो फ्रेमवाला बोलका होता. "म्हंजी बघा, म्हातारं मानूस गेलं की घरच्यांना कळतं, आपल्याकडं एक बी फोटू न्हाई. मग कुनाच्या लग्नातला, न्हाईतर रानात काम करतानाचा असा एखादा घिऊन येत्यात, आनि म्हनत्यात, यातनं आमची आई तेवढी मोठी करून द्या. ह्यो तसलाच हाय. खाली बसलेल्या, तोंडाला फडकं, काळापांढरा. मला वाटलं, तुमच्या गावच्या कुनीतरी गेल्या."

मला हसू आलं. "अहो, ही बाई चांगली..." असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. 'चांगली जिवंत आहे' असं म्हणायचं होतं. पण ते मला ठाऊक नव्हतं. मला त्या बाईबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. मी मुकाट्यानं प्रदर्शनाचे बावीस फोटो मोजून घेतले आणि रिक्षात ठेवले.

'तुमच्या गावच्या.' केडगावला घरी येईपर्यंत ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. कारण याच बाईबद्दल हेच शब्द मी एकदा आधी ऐकले होते, आणि बोलणारीनं तेव्हा माझ्याकडे काहीतरी सोपवलं होतं.

मी भूगोलाची बाई. निवृत्त होईपर्यंत नगरच्या एका शाळेत पोरींना वारे, प्रवाह आणि राजधान्या शिकवल्या. आता पाट्यांवर अहिल्यानगर आलं तरी माझ्या तोंडातून नगरच निघतं. माझा स्वभाव हट्टी आहे, हे माझ्या विद्यार्थिनी सांगतील. नकाशात एखादं गाव चुकीच्या जागी दाखवलं तर मी वही परत करायची. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला, आणि ज्या देशांच्या सीमा फळ्यावर काढल्या ते देश पाहायचं ठरवलं. त्यातला एक देश असा होता की तिथे आपल्या मर्जीनं जाता येत नाही, आत गेलं तर एकट्यानं फिरता येत नाही, आणि तिथल्या माणसाला बाहेर येता येत नाही. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. साल लिहिणार नाही. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत आणि कोणते ते सांगणार नाही. भूगोलाच्या बाईला देशाचं नाव गाळावं लागतं, यावरून काय ते समजा.

फोटोची भीती मला नवीन नव्हती. माझं बालपण भिंगारला, लष्कराच्या नागरी नोकरांच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील तिथे स्टोअरकीपर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक फाटक होतं आणि त्यावर पाटी, 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे'. एकदा मामा पुण्याहून कॅमेरा घेऊन आला आणि नव्या सायकलीवर बसलेल्या माझा त्यानं फोटो काढला. मागे ते फाटक आलं. पहारेकऱ्यानं शांतपणे मामाकडून कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं, आणि रीळ उन्हात ओढून काढलं. कोणी कोणाला ओरडलं नाही. पण पुढचे आठ दिवस वडील नीट जेवले नाहीत. त्यांना वाटायचं, आज बोलावणं येईल, उद्या येईल. बोलावणं आलं नाही. मात्र एका फोटोनं घरातला माणूस कसा बारीक होतो, हे मी सातव्या वर्षी पाहिलं होतं. एवढं पाहूनही मी पुढे जे केलं ते केलं, म्हणून हे सांगते आहे.

त्या देशात विमानतळावरून आम्हाला बसमध्ये बसवलं. आम्ही अकरा जण, पुण्या-मुंबईकडचे. सोबत एक तरुण दुभाषी मुलगी दिली होती. तिचं इंग्रजी शाळेतल्या धड्यासारखं स्वच्छ होतं. शहर यायच्या आधी एका वळणावर बस हळू झाली. कापणी झालेल्या शेताच्या कडेला एक बाई उकिडवी बसून जमिनीवरचे दाणे एकेक करून वेचत होती. धुळीसाठी तोंडाला फडकं बांधलेलं, मांडीशी एक लहान पिशवी. मी कॅमेरा उचलला आणि काढला. तेवढ्यात तिनं वर पाहिलं. मी दुभाषी मुलीकडे पाहिलं, तर तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, तिनं पाहिलंच नाही.

फोटोचे नियम संध्याकाळी हॉटेलात सांगण्यात आले. सैनिक नाही, बांधकाम नाही, रांग नाही, बैलगाडी नाही, वाकून काम करणारा माणूस नाही. नेत्याचा पुतळा काढायचा तर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. पाय कापलेला चालणार नाही. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मग काढायचं काय?" मुलगी म्हणाली, "फुलं खूप छान आहेत."

त्या सहा दिवसांत मी लोकांपेक्षा लोकांचं कॅमेऱ्याशी वागणंच जास्त पाहिलं. आपल्याकडे, पाथर्डीच्या बाजूला कॅमेरा काढला की चार जणी पदर सावरत येतात, "आमचा बी काढा" म्हणतात, आणि मग "धाडा बरं का" असं बजावतात. तिथे कॅमेरा उचलला की रस्ता रिकामा व्हायचा. पळापळ नाही. माणसं सहज आठवल्यासारखी वळायची आणि दुसऱ्या गल्लीत जायची. एका बाईनं भाजीची टोपली पाठीमागे घेतली. एक म्हातारा तर चालता चालता थांबला आणि हात मांडीला चिकटवून ताठ उभा राहिला, जणू मी फोटो नाही, हजेरी घेत होते. मला त्याची लाज वाटली आणि तरी मी तो फोटो काढला.

शेवटच्या दिवशी निघण्याआधी कॅमेरे तपासले. एक अधिकारी बटण दाबत एकेक फोटो मागे नेत होता, आणि दुभाषी मुलगी शेजारी उभी राहून 'हा पुसा', 'हा राहू द्या' असं सांगत होती. ताठ उभा म्हातारा पुसला गेला. टोपलीवाली पुसली गेली. मागे जात जात पहिला दिवस आला आणि ती दाणे वेचणारी बाई पडद्यावर आली. मुलगी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. अधिकाऱ्यानं बटण आणखी एकदा दाबलं. त्याच्या मागचा फोटो माझ्या निघण्याआधीचा होता, पाथर्डीकडच्या ज्वारीच्या रानातला; तिथेही फडकी बांधलेल्या बाया उकिडव्या बसलेल्या. अजून एक दाबलं, अजून एक रान. तो हसला आणि कॅमेरा मला परत दिला.

निरोप घेताना मी तिला हळूच विचारलं, काय सांगितलंस? ती ओठ फारसे न हलवता म्हणाली, "मी म्हटलं, इथून पुढचे फोटो पाहुण्यांच्या गावचे आहेत." मग जरा थांबून, "आता ती तुमच्या गावची बाई आहे. तिला तिथेच राहू द्या." तिनं मला नमस्कार करून दाखवला, बसमध्ये आम्हीच शिकवलेला, आणि ती वळून गेली.

याचा अर्थ कळायला भूगोल लागत नाही. तो फोटो त्या कॅमेऱ्यातून सुटला म्हणजे कुणीतरी सोडला, आणि सोडणारी एकच होती. आमच्या गटाची तारीख, तिचं नाव, सगळं तिथल्या वहीत होतं. फोटो जगासमोर आला आणि त्याखाली देशाचं नाव आलं, की वही उघडून तिच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागणार?

हे कळूनही मी तो फोटो प्रदर्शनात लावला. कारण लांबलचक सांगता येईल, पण खरं कारण एवढंच की फोटो चांगला आला होता. बाकीच्या एकवीस फोटोंत फुलं, कारंजी, रुंद रस्ते आणि पूर्ण पाय असलेले पुतळे होते. हा एकच खरा होता. स्वतःला समजावलं, केडगावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमधलं दोन दिवसांचं प्रदर्शन. तिथली बातमी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सावेडीपर्यंत जात नाही, सातासमुद्रापार कुठून जाईल. फ्रेमवाल्यानं हार घातला तेव्हा तरी शहाणपण यायला हवं होतं. मी हार काढून पिशवीत टाकला. काचेवरचं कुंकू पुसताना मात्र हात अडखळला. बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. तरी पुसलं, आणि खाली सुवाच्य अक्षरांत देशाचं नाव लिहून फोटो मधोमध टांगला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शनिवारी चांगली गर्दी झाली. लोक रुंद रस्ते पाहून हरखले. "कागदाचा कपटा नाही बघा कुठे!" ज्येष्ठ नागरिक मंडळाचे एक सभासद, पांढरी टोपी, हातात काठी, प्रत्येक फोटोसमोर मान डोलावत होते. "आपल्याकडे पण अशीच शिस्त पाहिजे. चार वर्षं असा माणूस द्या, सगळे सरळ होतील." मी म्हटलं, "तिथे तुम्हाला असं मोठ्यानं बोलता आलं नसतं." ते म्हणाले, "बोलून काय मिळालं आपल्याला?" दुरून डोंगर साजरे. मी तावातावानं त्यांना मधल्या फोटोपाशी नेलं. "ही शिस्त बघा." त्यांनी पाहिलं, खालचं नाव वाचलं, आणि खरंच गप्प झाले. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. तेवढ्यात शेजारच्या एका गृहस्थांनी मोबाईल काढून त्या फोटोचा फोटो काढला, खालच्या नावासकट. मी बघत होते. मी त्यांना अडवलं नाही.

दुपारी आमच्या मावशी आल्या. मावशी माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. मूळच्या पाथर्डीकडच्या, पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडलेल्या, आता मुलाकडे केडगावात राहतात. बाकीच्या फोटोंकडे त्यांनी पाहिल्यासारखं केलं. मधल्या फोटोसमोर मात्र उभ्या राहिल्या.

"सरवा येचतीया," त्या म्हणाल्या.

सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेली कणसं, सांडलेले दाणे. गरीब बाया ते वेचून नेतात.

"कुठली हाय?"

मी देशाचं नाव सांगितलं. त्यांना त्या नावानं काही झालं नाही.

"तिला इचारलं व्हतं का, बाई?"

"काय?"

"फोटू काढू का म्हनून."

"बसमधून काढला. थांबता येत नव्हतं."

मावशी फोटोच्या आणखी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "मी लई सरवा येचलाय. लेकरं ल्हान व्हती तवा. आमच्याकडं सरवा येचनारीकडं कुनी बघत न्हाई. रानाचा मालक बी आला ना, तर बांधावरनं तोंड फिरवून जातू. बघितलं तर तिला उठावं लागतं. न्हाई बघितलं तर तिची वटी भरती." आणि फोटोतल्या बाईच्या वर उचललेल्या डोळ्यांकडे बोट करून, "ही बघा, उठाय लागलीया."

मी तो फोटो किती वेळा पाहिला होता. मला वाटत होतं, ती माझ्याकडे बघते आहे. तिचा एक हात जमिनीला टेकलेला आहे आणि दुसऱ्यानं तिनं पिशवी ओढून घेतली आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. आणि बसमध्ये त्या मुलीनं तोंड का फिरवलं, तेही मला तेव्हा कळलं. तिनं पाहिलं होतं. पाहून, बांधावरच्या मालकासारखं तिनं तोंड फिरवलं होतं, म्हणजे बाईची ओटी भरावी. मला रडू आलं, आणि हॉलमध्ये लोक होते म्हणून मी चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी चहा घेताना मोबाईल उघडला तर तो फोटो माझ्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर आला होता. कुणीतरी कुणाकडून, कुणी आणखी कुणाकडून पाठवलेला. वर लिहिलेलं, 'बघा तिथली अवस्था! आपण किती सुखी!' खाली हात जोडल्याची चित्रं. माझं नाव होतं, देशाचं नाव होतं. मी कप तसाच खाली ठेवला. वडील आठ दिवस का जेवले नव्हते, ते आता त्यांच्यापेक्षा मोठ्या वयात मला कळलं. फरक एवढाच की त्यांना स्वतःची भीती होती.

पाठवू नका म्हणून कुणाकुणाला सांगणार? तसं सांगितलं असतं तर दुप्पट पाठवला असता, आणि 'का' म्हणून विचारलं असतं. वाऱ्यावर सोडलेली गोष्ट परत बोलावता येत नाही. तिच्यावर दुसरी एखादी गोष्ट सोडता येते, बस. ती गोष्ट मला त्या मुलीनंच शिकवून ठेवली होती. मी तिथेच बसून लिहिलं, 'क्षमस्व. हा फोटो त्या देशातला नाही. पाथर्डीकडच्या रानातला आहे, आपल्याच गावची बाई आहे. माझ्याकडे फोटोंची सरमिसळ झाली आणि चुकून खाली चुकीचं नाव लागलं.' जिथे जिथे फोटो पोचल्याचं कळलं तिथे तिथे हे पाठवलं. आयुष्यभर पोरींच्या नकाशातली गावं जागेवर लावली, आणि त्या दिवशी एक बाई उचलून मी चुकीच्या देशात ठेवली.

रविवारी सकाळी लोक आले तेव्हा मधला खिळा रिकामा होता.

"इथला फोटो कुणी काढला?" कुणीतरी विचारलं.

"मीच काढला," मी म्हटलं. फोटो घेणं आणि उतरवणं, आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, त्याचा त्या दिवशी मला फार त्रास झाला.

पांढरी टोपीवाले काका खास भेटायला आले होते. रागावले नव्हते, उलट खूष होते. "मी म्हणतच होतो, तिथे अशी परिस्थिती असणारच नाही. दारिद्र्य आपल्याकडचं आणि बदनामी त्यांची! बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं तरी..." चार लोक ऐकत होते. एकानं विचारलं, "मग बाकीचे तरी तिकडचेच आहेत ना?" ग्रुपवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, 'बाई, नकाशा चुकला की तुम्ही वही परत करायचात,' आणि पुढे हसरा चेहरा. मला उत्तर देता येत होतं. काकांना तर असं उत्तर देता आलं असतं की त्यांची काठी गळून पडली असती. पण त्या मुलीला वाचवायचं तर मला त्यांचं बरोबर आहे म्हणावं लागत होतं. ज्यांनी तिला घाबरायला शिकवलं त्यांच्याच बाजूनं मला खोटं बोलावं लागत होतं. इतकं कडू मी आयुष्यात काही गिळलेलं नाही.

"बरोबर आहे तुमचं, काका," मी म्हटलं.

खोटं उपयोगी पडलं की नाही, मला माहीत नाही. त्या मुलीचा पत्ता नाही, फोन नाही. असता तरी करता आला नसता. मधून मधून तो फोटो कुठल्यातरी ग्रुपवर परत येतो, कधी त्या देशाच्या नावानं, कधी दुष्काळी पाथर्डी म्हणून. पाथर्डी म्हणून आला की मला बरं वाटतं. नगरमध्ये माझ्या फोटोंचं प्रदर्शन कुणी पुन्हा मागितलं नाही.

फोटो आता माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीवर आहे. खालचं नाव खरवडून काढलं. काचेवर कुंकवाची एक फिकट कड अजून राहिली आहे, ती निघत नाही. चंदनाचा हार कपाटात आहे. तो टाकून देववत नाही.

घरी येणाऱ्या बायका पाणी पिता पिता वर बघतात आणि विचारतात, "या कोण?"

"आमच्या गावच्या," मी म्हणते.

मावशी आतून पोळ्या लाटताना ऐकत असतात. त्यांना खरं माहीत आहे. त्या एकदाही मधे बोललेल्या नाहीत; अशा वेळी त्या तोंड फिरवून तव्याकडे बघतात.

परवा शेजारच्या सूनबाई आल्या होत्या. त्यांनीही विचारलं, मी तेच सांगितलं. त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हार नाही घातलेला. म्हणजे आहेत अजून?"

मावशींचं लाटणं थांबलं.

"आहेत," मी म्हटलं.